लांबूनच नाव सांगत या

सोलापुरात सात रस्त्यावरून जीपमध्ये बसलो तेव्हा माझ्या कादंबरीतल्या राज्याचा मला थोडा तोराच होता. निजामाच्या सरहद्दीवरची काही खेडी स्वतःला प्रजासत्ताक म्हणवून घेतात, अशी गोष्ट. त्या राज्याला अध्यक्ष होता, मंत्री होते, झेंडा होता. नाकेबंदीमुळे मीठ मात्र नव्हतं.

ते दिवस पाहिलेल्या गौरव्वा अक्कलकोटपलीकडच्या एका गावात राहतात, असं कळलं होतं. तेव्हा त्या परकरी पोर होत्या. त्यांचा नातू महादेवप्पा फोनवर म्हणाला होता, "या की सर. पण दार वाजवू नका. आमच्यात लांबूनच नाव-गाव सांगत यायचं असतंय." मला तो गावचा मानपान वाटला. भालदार-चोपदारासारखी स्वतःचीच वर्दी देत गल्लीतून चालायची माझी तयारी नव्हती.

अक्कलकोट मागे पडलं तसं जीपमधलं बोलणं कन्नड झालं. दोन्ही बाजूंना काळं रान, ज्वारी निघून गेलेली, सावली कुठेच नाही. फाट्यावर उतरलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी कडी वाजवली.

आत भांडं पडलं. मग काहीच नाही. पुन्हा वाजवली, जरा जोरात.

मागच्या गोठ्यातून महादेवप्पा धावत आला आणि दार ढकलून आत शिरला. मी मागोमाग. माजघरात बळदाचं (जमिनीखालच्या धान्याच्या कोठाराचं) झाकण बाजूला पडलं होतं.

"कडी वाजवली व्हय तुमी?"

मी मान हलवली.

"रझाकार आले की अज्जीची आई हिला बळदात लपवायची. अजून कडी वाजली की ही तितंच जाती. नवी ज्वारी भरून तोंड लिंपलं हुतं, कालच फोडलंय. आतली हवा मारती, सर."

त्याने कंदील दोरीने खाली सोडला. ज्योत बारीक झाली, निळसर झाली, विझली.

"अज्जी ढिगावर बसली असंल तर बरं, वाईट हवा खाली बसती," तो पुटपुटला. हाका मारल्या, उत्तर नाही. त्याची बायको सुरेखा घोंगडी घेऊन आली. "बघत काय बसलाय? धरा की दुसरं टोक!" बळदात हवा ढकलायला आम्ही ती तोंडावर जिवाच्या आकांताने झटकू लागलो. माझ्या हातून टोक दोनदा सुटलं.

"अज्जी, गेले ते!" महादेवप्पा ओरडला.

खालून क्षीण आवाज आला, "सुळ्ळु." (खोटं.)

कमरेला दोरी बांधून तो उतरला आणि तिला वर घेऊन आला. केसांत ज्वारी, ओठ काळेनिळे. धाप लागलेली, तरी नजर माझ्यावर.

"यारु?" (कोण?)

"आपलेच हायत, अज्जी."

सुरेखाने पाण्याचा तांब्या पुढे केला. गौरव्वांनी तोंड घट्ट मिटलं. गावातले डॉक्टर आले, तपासून म्हणाले, जिवावरचं टळलं. मला कडक भाकरी नि शेंगाची चटणी वाढली.

"कादंबरी लिहिताय म्हणं," महादेवप्पा फाट्यापर्यंत सोडताना म्हणाला, "आन् लांबून दोन हाका द्यायला जड झाल्या?"

परतीच्या जीपमध्ये माझा शेवट आठवला: फौजा येतात, छोटं राज्य भारतात विलीन होतं, गाव निर्धास्त झोपतं. किती सोयीचं. मी निघालो तेव्हा गौरव्वा भिंतीला टेकून, पाण्याला न शिवता, माझ्या जाण्याची वाट बघत होत्या.