उंबऱ्यावरची बोटं

मी गाव सोडलं त्या सकाळी मायने मला निरोपाचे शब्द कमी आणि दोर जास्त दिला. एरंडोलच्या एस.टी. स्टँडवर धरणगावची गाडी लागली होती, तिथून पुढे रेल्वेने सुरत. लग्नाला दीड महिना झाला होता. नवरा आत जागा धरून हाका मारत होता आणि माय माझ्या पिशवीत अंबाडीच्या दोराचं वेटोळं कोंबत होती. पाळण्याला लागेल म्हणाली. मी लाजले, आणि खरं सांगायचं तर चिडलेही. सुरतेत काय दोर मिळत नाही? गाडी हलली तेव्हा ती खिडकीची दांडी धरून चार पावलं बरोबर चालली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आखाजीले येजो. जी पोर आखाजीले येत नही, ती हाई जगमा नही."

लोकांच्या आया सांभाळून राहा म्हणतात, पत्र टाक म्हणतात. माझ्या मायने म्हटलं, न येणारी पोर या जगात नाही.

तुम्ही जे गावी राहिलात, तुम्हाला आखाजी काय ते सांगायला नको. पण सुरतेत जन्मलेल्या आपल्या पोरांना ती अक्षय तृतीया म्हणून कॅलेंडरात दिसते, म्हणून सांगते. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. आणि त्याच दिवशी पितर जेवायला येतात. सकाळी उंबरा धुवून घरातली मोठी बाई कुंकवात बोट बुडवते, घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेते आणि प्रत्येकासाठी उंबऱ्यावर एक उभं बोट ओढते. ते आमंत्रण. मग दुपारी त्याच नावांनी निखाऱ्यावर घास पडतो. जिवंत लेकी आणि मेलेले पूर्वज एकाच दारातून एकाच दिवशी आत येतात. लहानपणी मला हे फार भीतीचं वाटायचं, आणि वय वाढलं म्हणून ती भीती काही गेली नाही.

झोक्याचा दोर माय स्वतः वळायची. आमच्याकडे ते पुरुषाचं काम. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मी नऊ वर्षांची असताना गेले आणि मायने त्यांचं ते काम उचललं. अंबाडीच्या काड्या नाल्याच्या पाण्यात कुजवायच्या, वास सुटला की बाहेर काढून साल सोलायची, धुऊन वाळवायची, मग त्या वाखाला मांडीवर पीळ देत देत दोर वाढवायचा. मांडीची कातडी सोलून निघायची. गल्लीतल्या बायका हसल्या, तर तिने विचारलं की माझ्या पोरीला झोका तुम्ही बांधून देणार आहात का. पुन्हा कोणी हसलं नाही.

दोर वळता वळता ती तिच्या लहानपणचं सांगायची. म्हणजे एकच गोष्ट सांगायची. तिची थोरली बहीण देवका साक्रीकडे, डोंगराच्या कडेच्या एका गावात दिलेली होती. मायला देवकाचं फार वेड. देवका आली की दोघी एकाच झोक्यावर समोरासमोर उभ्या राहायच्या. एका आखाजीला देवका आली नाही. बाळंतपण आहे म्हणाले. दुसऱ्या आखाजीला माय पहाटेपासून वाटेवर उभी. आजीने हाक मारली, कुंकवाची ताटली धरायला. दर वर्षी ताटली मायच धरायची, त्यामुळे आठ वर्षांच्या त्या पोरीला बोटं पाठ होती. अकरा. त्या वर्षी आजीने अकरा ओढली, थांबली, आणि बारावं ओढलं. मायने विचारलं हे कोणाचं. आजी म्हणाली, "देवकानं."

बहीण मेली हे तिला असं कळलं. घरात सगळ्यांना वर्षभर ठाऊक होतं. ही गोष्ट सांगताना मायचा हात कधी थांबला नाही, पण पीळ घट्ट होत जायचा. मी दर वेळी भ्यायचे आणि दर वेळी पुन्हा सांग म्हणायचे.

सुरतेत आमची लिंबायतला एक खोली. नवरा डाइंग मिलमध्ये, आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी. चाळीतल्या अर्ध्या बायका आपल्याकडच्याच, नंदुरबारच्या, अमळनेरच्या. तरी हळूहळू ओट्याला ओटलो आणि न्याहारीला नास्तो म्हणायला लागलो. दुपारी सगळ्या मांडीवर साडी घेऊन गोंदाने टिक्या चिकटवायच्या. मायच्या मांडीवर दोर वाढायचा तसं माझ्या मांडीवरून नायलॉनच्या साड्या सरकत गेल्या. फरक एवढाच की तिचा दोर पोरीचं वजन पेलायचा आणि माझी टिकी दोन धुण्यांत पडायची. तिच्या दोराचा पाळणा दोनदा बांधला, नंतर त्याच दोरावर कपडे वाळत घातले. कुरकुरला नाही.

सुरुवातीची वर्षं आखाजीला नेमाने गेले. मग एका वर्षी धाकट्याला गोवर आला. दुसऱ्या वर्षी खोली बदलली. तिसऱ्या वर्षी काहीच नव्हतं. लग्नसराईमुळे साड्यांचे गठ्ठे दाराशी पडले होते आणि शेठ म्हणाला आत्ता गेलीस तर काम दुसरीला. मी राहिले. मायला कार्ड टाकलं, पुढच्या वर्षी नक्की.

त्याच पावसाळ्यात भाऊचं कार्ड आलं. माझा थोरला भाऊ जळगावला पाइपच्या कारखान्यात, रोज ये-जा करायचा. त्याने लिहिलं होतं की माय आताशा विसरते. चूल पेटवून नदीवर निघून जाते. पुढच्या कार्डात होतं की दुपारी एस.टी. स्टँडवर जाऊन बसते, आणायला जावं लागतं. त्यापुढच्यात होतं की वैनीला तिने विचारलं, तू कोणाची. प्रत्येक कार्ड मी आधी उलटं धरायचे, मग धीर करून सुलटं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मला दिसायचं की ती रस्त्यावर हरवली आहे आणि तिला विचारलं तर सांगायला नावही नाही.

पुढच्या आखाजीच्या आदल्या दिवशी मी दोन पोरांना घेऊन पोचले. माय ओट्यावर बसली होती. मी पाया पडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पाणी दिलं आणि विचारलं, "कोन गावनी बाई तू?"

मी नाव सांगितलं, शोभा. ती छान हसली, परक्या बाईकडे पाहून हसतात तशी. वैनी म्हणाली दमलीत, झोपा, सकाळी ओळखतील.

सकाळी वैनीने उंबरा धुतला. मायने बोट बुडवलं. मी पोरांना मागे धरून उभी होते. तिच्या सासऱ्यांचं नाव, सासूचं, दिरांचं, आबांचं. नावं अशी धडाधड येत होती की मला वाटलं सगळं ठीक आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस तो हा. मग तिने देवकाचंही ओढलं. माहेरच्या माणसाचं सासरच्या उंबऱ्यावर कोणी ओढत नाही. मग तिने पुन्हा बोट बुडवलं.

"मन्ही शोभा," ती म्हणाली, आणि देवकाच्या शेजारी ओढलं.

धाकटा विचारत होता, आई, तुझं नाव का घेतलं. भाऊ भिंतीकडे पाहत राहिला. वैनीच पुढे झाली, ओल्या फडक्याने ते बोट पुसून टाकलं आणि जिवंत माणसाचं नाव घेऊ नये म्हणाली. तशी माय उंबऱ्यावर आडवी झाली आणि दोन्ही हातांनी ती ओली जागा झाकायला लागली.

"पुशू नको. ती लांबतून येई. बोट नही दिखनं ते उपाशी चालनी जाई."

तीन आखाज्या मी आले नव्हते. जी येत नाही ती मेली, हा हिशेब ती लहानपणीच शिकली होती, तो एवढाच तिच्याजवळ उरला होता. फडकं वैनीच्या हातातच राहिलं. मायने पुन्हा बोट टेकवलं, पण तिला ते नीट ओढता येईना. तिने ताटली माझ्यापुढे केली. "तू ओढ, बाई. नाव लईसन ओढ."

मी खाली बसले. बोट बुडवलं. शोभा, असं मोठ्याने म्हणाले आणि माझ्या नावाचं बोट मी माझ्या हाताने ओढलं. हात कुंकवाने लाल झाला होता आणि आतून गार पडला होता. मायने ते नीट निरखलं, मान हलवली. दुपारी तिने माझ्या नावाने निखाऱ्यावर घास टाकला, आणि मग पाहुणी म्हणून मला आग्रह करकरून पुरणाचे मांडे वाढले.

परतीच्या गाडीत मी पोरांना गच्च धरून बसले होते. पुढे वर्षभर साधा ताप आला तरी मला वाटायचं, बोलावणं आलं. माझ्या सासूबाई म्हणाल्या अपशकुन आहे, पुन्हा त्या घरी आखाजीला जायचं नाही. तरी गेले. तेव्हापासून एकही आखाजी चुकवलेली नाही. साड्यांचं काम दुसरीला गेलं, जाऊ दे.

आता ताटली मी धरते. मायची नावं गळायला लागली आहेत. आधी दीर गेले, मग सासू. मागच्या वर्षी आबांचं नावही आलं नाही, भाऊने हळूच सांगितलं तर तिने कोण आबा असं विचारलं. तरी शेवटी थांबते, बोट बुडवते आणि माझं नाव घेते. सुरतेत माझं रेशनकार्ड आहे, पोरं गुजरातीत भांडतात, पण कोणी घर विचारलं तर मला तो उंबरा दिसतो, जिथे मेलेल्यांत का होईना, मी मोजली जाते. पहिल्या वर्षी ते बोट उमटलं म्हणून मी भ्याले होते. आता यंदाची आखाजी आठवड्यावर आली आहे आणि मला झोप नाही, कारण ज्या वर्षी माय ते बोट ओढणार नाही, त्या वर्षी मी खरंच गेलेली असेन.