शेवटच्या कडव्यातलं नाव

मालनबाईने चाळीस वर्षं गुलाबच्या गाण्याच्या पार्टीत त्याच्या मागे बसून झील धरली. पुढच्याने ओळ टाकायची, मागच्यांनी ती उचलायची. गाणीही तीच लिहायची, आणि दोन गाण्यांच्या मधलं, लोकांना पोट धरून हसवणारं बोलणंही. भाताच्या रोवण्याला चिखलात वाकली की ओळ सुचायची. घरी येऊन ती पोरीच्या शाळेच्या वहीत मागच्या पानांवर उतरवायची. पण लाखनीपासून मोहाडीपर्यंत कुणालाही विचारा, गाणी गुलाबचीच. शेवटच्या कडव्यात नाव गुंफायची रीत, आणि या पार्टीत नाव गुंफायचं ते पुढे उभ्या असलेल्याचं. 'गुलाब म्हणे' लिहिताना तिचा हात कधी अडखळला नाही. अडखळून करतो काय? पार्टी त्याची, पेटी त्याची, पोस्टरवर फोटोही त्याचाच.

माणूस वाईट नव्हता. त्याला कधी सुचलं नाही, एवढंच. सुचलं ते प्रतीक्षाला, मालनबाईच्या मुलीला. ती भंडाऱ्याला नर्स. 'ही गाणी माझ्या आईची' असं ती सोबतच्या मुलींना सांगायला गेली, तर त्यांनी मोबाइलवर गाणं लावून शेवटचं कडवंच तिला ऐकवलं. घरी येऊन ती आईवर भडकली.

"एका तरी गाण्यात आपलं नाव घाल ना, आई. मी कोणाले अन् काय दाखवू?"

यंदा गुलाबचा आवाज बसला आणि सानगडीच्या विहारातला कार्यक्रम शेवटचा ठरला. मालनबाईने जन्मात पहिल्यांदा काही मागितलं, शेवटच्या गाण्यात आपलं नाव. गुलाब तिच्याकडे बघतच राहिला.

"पयलेच सांगाचं ना, बाई! मले का जड होतं?"

दोन मिनिटांत झालं. तिला आनंद होण्याआधी राग आला. इतकं सोपं होतं, तर चाळीस वर्षं आपण गप्प कशाला बसलो?

भर दुपारी मंडप गच्च भरला. प्रतीक्षा पहिल्या रांगेत, मोबाइल उंच धरून. शेवटचं गाणं शेवटच्या कडव्याशी आलं. गुलाबने फाटक्या गळ्याने, जपून ओळ टाकली, "मालन म्हणे, माझी पाटी कोरी नाही..."

मागून खणखणीत झील उठली, "गुलाब म्हणे, माझी पाटी कोरी नाही!"

आवाज मालनबाईचा होता. झील धरणाऱ्या बाकीच्या दोघी नेहमीसारख्या तिच्या मागे गेल्या. गुलाबने चमकून मागे पाहिलं. पण ढोलकी थांबली नाही, गाणं संपलं, आणि लोकांनी गुलाबच्या गळ्यात हार घातले.

परतीच्या एसटीत लाखनी येत आली. प्रतीक्षाला राहवलं नाही.

"त्यानं तं बरोबर म्हटलं. तूच काहून चुकली, आई?"

"माहं नाव कोणी पुढून घेईन, हे माह्या तोंडाले कुठं माहीत होतं वं?" मालनबाई म्हणाली. तिला फार दमल्यासारखं झालं होतं. तिने मोबाइलकडे बोट केलं. "लाव तं एकडाव. गुलाबभाऊची ओळ आयकव फक्त. माहा आवाज यायच्या आंदी बंद करजो."