साहेबांचा ‘स्पीक’

बेंगळूरच्या एका जुन्या सरकारी कारखान्यातल्या कागदी फायली आमच्या कंपनीनं बंद करून दिल्या, त्याला फार दिवस झालेले नाहीत. काम सांगायला सोपं होतं. कर्मचाऱ्यानं पोर्टलवर अर्ज भरायचा आणि पोर्टलच्या मागे जोडलेल्या वर्कफ्लो इंजिननं तो एका साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडे पोचवायचा. ही जोडणी माझ्या गळ्यात पडली होती. कारखान्यानं आणि आमच्या कंपनीनं मिळून माझं डोकं इतकं खाल्लं की ते सगळं एकदाचं चालू झालं त्या दिवशी मी मल्लेश्वरमला घरी जाऊन नुसती झोपले.

कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात एक अक्का होत्या. मूळच्या बेळगावच्या, घरात मराठी. तिथं कानावर मराठी पडावं म्हणून मी डबा घेऊन त्यांच्याच टेबलावर जायचे. त्यांची आई बेळगावात एकटी होती आणि तिला विसरायला होऊ लागलं होतं. एकदा घर कुठलं ते न आठवून ती बस स्टँडवर बसून राहिली, तेव्हा शेजारणीनं हाताला धरून परत आणलं. म्हणून अक्कांनी बेळगावच्या शाखेत बदली मागितली होती. बदलीचा अर्ज वर्षातून एकदाच घेतात.

एका दुपारी अक्कांनी डबा उघडलाच नाही. मोबाइल माझ्यापुढे सरकवला. पोर्टलकडून मेल आला होता, अर्ज नामंजूर.

“आता पुढच्या वर्षीच,” त्या म्हणाल्या. “तवर आई मला वळखंल काय, सांगा.”

“साहेबांना विचारलंत का?”

“न्हाई म्हणल्यावर काय तोंड घेऊन जायचं?”

मला संताप आला. भिडेपायी लोक स्वतःचं किती नुकसान करून घेतात. मी त्यांना उठवलं आणि जवळजवळ ओढतच साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. साहेब कानडी, निवृत्तीला आलेले. अक्कांना पाहताच तेच उखडले. मी कधीचा वाट बघतोय, तुम्हाला बदली नकोय का, असं कन्नडमध्ये विचारू लागले. अक्का चकित होऊन म्हणाल्या की सर, तुम्हीच तर नामंजूर केलंत.

“नान रिजेक्ट माडिल्ल,” साहेब म्हणाले. मी कुठं रिजेक्ट केलं? “स्पीक अंत बरेदिद्दे.” स्पीक असं लिहिलं होतं.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. कागदी फायलीत साहेब लोक समासात ‘स्पीक’ लिहून खाली सही ठोकतात. त्याचा अर्थ हो नाही आणि नाहीही नाही. येऊन बोला, एवढाच. आमच्या पडद्यावर बटणं दोनच होती, मंजूर आणि नामंजूर, आणि त्यातलं एक दाबल्याशिवाय शेरा जतन होत नव्हता. साहेबांनी शेऱ्यात ‘स्पीक’ लिहिलं आणि मंजूर तर इतक्यात करायचं नाही, म्हणून दुसरं दाबलं. शेरा इंजिनातच राहिला, पोर्टलनं फक्त नामंजूर तेवढं अक्कांना कळवलं. मग हे दोघं वरखालच्या मजल्यांवर एकमेकांवर रुसून बसले होते.

साहेबांना विचारायचं होतं ते इतकंच, की बेळगावात ड्रॉइंगची जागा नाही, स्टोअरमध्ये काम कराल का?

“आगली सर,” अक्का म्हणाल्या. होऊ दे. विचार करायलासुद्धा थांबल्या नाहीत.

पण बदल्यांची यादी त्याच संध्याकाळी मुख्य कार्यालयात जायची होती आणि इंजिनाच्या लेखी तो अर्ज संपलेला होता. मी एचएसआर लेआउटमधल्या आमच्या ऑफिसात फोन लावला. सहकारी म्हणाला, “प्रोसेस एंड हो गया मॅम, नया रिक्वेस्ट डालना पडेगा.”

“नया डालने नहीं देता, इसीलिए तो फोन किया है,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, तो चढूच दिला.

शेवटी त्यानं शोधून काढलं की संपलेला अर्ज मधल्या टप्प्यावरून पुन्हा सुरू करता येतो. तसं केलं, तरी पोर्टल आपलं नामंजूरच दाखवत होतं. मेलेला माणूस उठून बसला तरी रेशनकार्डावरून नाव गेलेलंच, त्यातली गत. मी इंजिनाला नवी स्थिती पोर्टलकडे परत पाठवायला लावली. थोड्या वेळानं पडद्यावर ‘प्रलंबित’ आलं. एरवी या शब्दाचा मला तिटकारा आहे, पण त्या दिवशी तो साखरेसारखा गोड लागला. साहेबांनी चष्मा सारखा केला, या वेळी मला विचारून ‘मंजूर’चं बटण दाबलं, आणि माझ्या खांद्यांवरचं ओझं खरोखर उतरलं.

तिसरं बटण आम्ही नंतर केलं. कारखान्याच्या समितीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव सुचवलं होतं, मी ‘स्पीक’च ठेवायला लावलं.

अर्ज मंजूर झाला त्या संध्याकाळी अक्कांनी जिन्यात उभ्या राहून आईला फोन केला. मी जरा लांब थांबले. फोन ठेवून त्या डोळे पुसत, हसत माझ्याकडे आल्या.

“काय म्हणाली आई?”

“मी कोण ते आठवंना तिला. पण ये म्हणाली.” त्यांनी पदर खोचला. “असू दे. आता रोज सांगायला मी तिथंच असतो की.”