एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

हा आकडा मी शाळेतून घरी आणला आणि आईनं तो ठेवूनच घेतला. १४२८५७. दोननं गुणा, २८५७१४. तीननं गुणा, ४२८५७१. सहापर्यंत कितीनंही गुणा, तेच सहा आकडे फेर धरल्यासारखे फिरतात. सुरुवात कुणीही करो, मागं कुणी राहत नाही. आई नुकतीच मासळी विकून आली होती, पाय पसरून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आपली लाँचच की गो!"

मासेमारीच्या आमच्या लाँचवर माणसं सहा. त्या दिवसापासून त्यांना आकडे मिळाले. धक्क्याला लागताच दोर घेऊन पहिली उडी मारणारा तो एक. पोट सुटलेला स्वयंपाकी पाच, कारण तो आकडाही तसाच दिसतो. बाबा तांडेल, म्हणजे लाँचचे कप्तान, आणि तांडेल सगळ्यांच्या शेवटी उतरतो, म्हणून बाबा सात. दर्यावर गेलेली माणसं मोजू नयेत असं आई मानायची. तिला आता पळवाट सापडली. उशीर झाला की म्हणायची, "गुण गो जरा." मी गुणायची, सहाही जण निघायचे आणि ती चहा ठेवायची.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी वारा फिरला. मिरकरवाड्याच्या धक्क्याला बाकीच्या लाँचा आल्या, आमची नाही. बाबांचा फोन लागेना. पाण्यावर पिवळट, झोपाळू उजेड साचला होता आणि जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसलेल्या आम्ही दोघी त्यात हळूहळू बुडत होतो. चिऱ्याच्या तुकड्यानं मी धक्क्याच्या सिमेंटवर सहापर्यंत गुणून संपवलं. करायला काही उरलं नाही, म्हणून सातानं गुणलं.

९९९९९९.

एकही ओळखीचा चेहरा नाही. मी त्या आकड्यांवर हात ठेवला, पण आईनं पाहिलं होतं.

"कितीनं गुणलंस?"

"सातानं."

तिनं माझा हात बाजूला केला. मग म्हणाली, "आता तूच निस्तर. सातानंच भाग."

नवात सात एकदा. एक निघाला. बाकी दोन, वरून नऊ, एकोणतीस. चार निघाला. मग दोन. आठ लिहिताना इंजिनाचा आवाज ऐकू आला, पण तो खरा की माझ्या डोक्यातला, ते कळेना. "थांबू नको," आई म्हणाली. पाच. शेवटचे एकोणपन्नास मी तसेच ठेवले.

लाँच लागली. दोर घेऊन एक उतरला, मागून बाकीचे. पोट सांभाळत पाचही उतरला. मग कुणीच नाही. मी डोळे मिटून सात लिहिला.

उघडले तेव्हा बाबा धक्क्यावर होते, भिजलेले, ओठ पांढरे पडलेले. आईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. सिमेंटकडे बघत मला विचारलं, "बाकी किती गो?"

"शून्य," मी म्हटलं, आणि मग ती रडली.