मिशीची कंटिन्यूइटी

"सख्खे चुलते का?" दळवीनं विचारलं.

मी फोन हातात धरून तसाच उभा होतो. आण्णा गेले, असं माझ्या चुलतभावानं, दत्तूनं, नुकतंच सांगितलं होतं. येरमाळ्याजवळच्या एका शाळेत आमच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि दळवी तिथला प्रोडक्शन कंट्रोलर. म्हणजे गाड्या, जेवण, लॉज आणि कलाकारांच्या तारखा सांभाळणारा माणूस. कुणी गेल्याचं कळलं की माणूस आधी "अरेरे" म्हणतो. यानं आधी नातं तपासलं.

"सख्खे. वडील लहानपणीच गेले माझे. आण्णांनीच वाढवलं."

"लातूरला तुमच्या नाटकाचा प्रयोग आहे ना या आठवड्यात? जाहिरात बघितली मी."

"तो आपल्या शूटिंगसाठीच रद्द केलाय. विचारा की त्यांना फोन करून."

"छे छे, मी आपलं सहज म्हटलं."

सहज कसलं डोंबलाचं! माझं डोकंच फिरलं. पण त्याचंही अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्या धंद्यात एका ठिकाणची डेट मोडून दुसरीकडं जायचं असलं की घरातलं कुणीतरी मरतं. एका नटाची सासू दळवीच्या देखत दोनदा वारली होती. "गाडी देतो, मीपण येतो सोबत," तो म्हणाला. सोबत म्हणे!

आता अडचण काय होती ते सांगतो. या सिनेमात मी हेडमास्तर होतो. मुख्य भूमिका. आजवर नाटकात आणि पडद्यावर मी हवालदार झालो, तलाठी झालो, पुजारी, वेडा, दारुडा, व्हिलनचा मेव्हणा, सगळं झालो. पेपरवाले मला अष्टपैलू म्हणतात. ज्याला कुठलंही काम देता येतं आणि मुख्य काम कुणी देत नाही, तो अष्टपैलू. त्यामुळं हा रोल माझ्यासाठी काय होता ते वेगळं सांगायला नको. त्यासाठी मी चांगली झुबकेदार मिशी वाढवली होती. खरी.

सिनेमा गोष्टीच्या क्रमानं शूट होत नाही. हेडमास्तर वर्गात शिरला हे आज घेतात, आणि तो दाराबाहेर उभा होता हे पुढच्या आठवड्यात. पडद्यावर दोन्ही एकाच क्षणाचं दिसायला हवं. म्हणून केस, मिशी, शर्टाचं बटण, काही म्हणता काही बदलून चालत नाही. याला कंटिन्यूइटी म्हणतात. आणि आमच्याकडं वडीलधारं माणूस गेलं की दहाव्याला भावकीतले पुरुष डोकं आणि मिशी उतरवतात. मी तर आण्णांच्या मुलासारखाच.

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं. गाडीत दळवी फारसं बोलला नाही, अधूनमधून माझ्या चेहऱ्याकडं बघत होता. घरापुढं माणसं दिसली तरी त्याची खात्री पटेना. चपला काढून तो थेट ओसरीवर गेला, आत डोकावला, आणि आण्णांना पाहिल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. हात जोडून म्हणाला, "फार वाईट झालं, सर." आत्ता वाईट झालं होय रे!

पण खरी परीक्षा पुढंच होती. मातीला आलेली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. आण्णांकडं कमी, माझ्याकडं जास्त. दोघा-तिघांनी मोबाईल काढले. नट रडतो कसा, हे त्यांना जवळून बघायचं होतं. रडू तर येत होतं, पण मोबाईल बघितले आणि ते मागं फिरलं. आता रडलो तर हे ॲक्टिंग म्हणणार. म्हणून नाही रडलो. तर मागं कुणीतरी बोललंच, "सिनेमात तर बदाबदा रडतंय. हितं डोळ्याला पाणी न्हाय बघा."

त्यात आणखी एक गोष्ट झाली. आण्णांना उचलल्यावर मोठ्याआईनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, त्यांच्या रिकाम्या बाजेवरची वाकळ सारखी केली, झटकली, आणि उशाशी नीट घडी घालून ठेवली. ती रडत नव्हती. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? 'हे कुठंतरी वापरता येईल.' थू तुझ्या जिंदगानीवर, म्हणालो मी स्वतःला. लोक माझ्यावर संशय घेत होते ते एक वेळ ठीक. तिथून पुढं मीच माझ्यावर घ्यायला लागलो.

आण्णांनी मात्र माझ्यावर कधीच संशय घेतला नाही. सोलापूरला एका नाटकात मी दुसऱ्या अंकात मरायचो. आण्णा पहिल्या रांगेत होते. मी मेलो तसे ते उठले आणि विंगेतून थेट आत आले. "सुभ्या, बरा हाईस न्हवं?" तोंडाला लावलेलं रक्त धोतराच्या सोग्यानं पुसून बघितलं, मगच जागेवर जाऊन बसले. असा प्रेक्षक मला परत मिळाला नाही.

माती उरकून मी सेटवर परतलो. दिग्दर्शक मॅडम पुण्याच्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी मला बाजूला बसवलं.

"दहाव्याला जरूर जा. पण मिशीचं काहीतरी बघा, प्लीज. शाळा सुरू व्हायच्या आत आपल्याला संपवायचंय. केस वाढेपर्यंत थांबता येणार नाही."

"आणि उतरवावी लागली तर?"

"तर मला दुसरा हेडमास्तर शोधावा लागेल. आत्ताशी थोडंच शूट झालंय." मग म्हणाल्या, "गावाला समजावून सांगा ना. तुम्ही एवढे मोठे कलाकार."

मोठा कलाकार म्हटल्यावर मी समजायचं ते समजलो. तिकडं गावाकडून दत्तूचा फोन. "दादा, येताव न्हवं दहाव्याला? न्हाय, लोकं म्हणायलेत, मिशीपायी दादा येत न्हाईत म्हणून."

"कोण म्हणतंय?"

"कुणी न्हाय. लोकं." म्हणजे दत्तूच.

दहाव्याला दळवी परत सोबत. मागच्या वेळी आण्णांची खात्री करायला आला होता, या वेळी मिशीची राखण करायला. तलावाच्या काठी भावकी जमली होती. दत्तूचं झालं, बाकीच्यांचं झालं. गावचे न्हावी सोपानकाका वस्तरा धुऊन माझ्याकडं बघायला लागले. ते कुणाला बळजबरी करणारे नव्हते.

"नुसती बट काढली तरी चालतंय की," भावकीतले एक म्हातारे म्हणाले. "आजकाल नोकरीवाली पोरं तसंच करत्यात."

"ते नोकरीवाले," दत्तू म्हणाला. "दादा तर आण्णाचे थोरले म्हणून मिरवत्यात."

दळवी माझ्या कानाशी लागला. "सर, म्हातारबाबा परवानगी देतायत. घ्या ना!"

उभा जन्म हवालदार आणि मेव्हणे करण्यात गेला होता. हेडमास्तर परत येणार नव्हता. आण्णाही येणार नव्हते. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला आण्णांचा राग आला. अजून महिनाभर थांबायला काय झालं होतं! आणि तो राग आल्याची इतकी लाज वाटली की मी सोपानकाकांपुढं जाऊन बसलो. "सगळं काढा," म्हणालो.

वस्तरा डोक्यावरून फिरला तोवर ठीक होतो. ओठाला लागला आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. काकांना हात थांबवावा लागला. "आत्ता रडला बघा," कुणीतरी म्हणालं.

सेटवर विग आणि चिकटवायची मिशी लावून टेस्ट घेतली. ही मिशी जाळीवर विणलेली असते, गम लावून ओठावर बसवतात. नाटकात मी असल्या शंभर लावल्या असतील, पण तिथं पहिली रांगही लांब असते. इथं कॅमेरा नाकापुढं आणि वर धाराशिवचा मे महिना. घामानं कडा सुटायला लागल्या. मॉनिटरवर मी माझाच डुप्लिकेट दिसत होतो. मॅडम मॉनिटरपुढून उठून आल्या आणि माझा हात हातात घेऊन "सॉरी" म्हणाल्या. लॉजवरून बॅग आणली, संपलं.

गाडीत बसवायला दळवी आला. दार लावता लावता हळूच म्हणाला, "सर, आता तरी खरं सांगा. दुसरीकडं टकल्याचा रोल मिळालाय का?"

हा माणूस मातीला होता, दहाव्याला होता. पुण्या-मुंबईत पुढं हीच बातमी पसरली, की मी मोठ्या सिरीयलसाठी सिनेमा सोडला आणि कारण म्हणून चुलता पुढं केला. तेराव्याला गावी गेलो तर तिथं वेगळीच. "सिनेमातनं त्यास्नी आधीच काढलं व्हतं," दत्तू पाव्हण्यांना सांगत होता. "म्हणून तर मिशी दिली."

त्या दुपारी जेवणं झाल्यावर मोठ्याआईनं मला आत बोलावलं. दत्तू काय म्हणतो ते तिच्या कानावर गेलं होतंच.

"काम गेलं का रं?"

"गेलं."

"मोठं व्हतं?"

"व्हय. लई मोठं."

"मग खरं सांग. तलावावर रडलास ते ह्यांच्यासाठी का कामासाठी?"

दुसरं कुणी असतं तर मी चिडलो असतो. "दोन्हीसाठी," म्हणालो. "कुणासाठी किती, ते मलाच कळलं न्हाय."

तिनं माझ्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. "व्हय," म्हणाली, "म्या पण तसंच रडले. ह्यांच्यासाठी थोडं आन माझ्यासाठी थोडं." एवढ्या माणसांत माझ्यावर तिचा एकटीचा विश्वास बसला.

तेव्हापासून कुठलाही रोल आला की मी पहिल्याच मीटिंगला विचारतो, मिशी चिकटवायची का वाढवायची? वाढवायची म्हणाले, तर आमच्या भावकीत वयस्कर माणसं किती आणि कुणाची तब्येत कशी, ते सगळं सांगून टाकतो. लोक पोट धरून हसतात. म्हणतात, काय टायमिंग आहे सर तुमचं!