डोंग्याच्या फटीतला कापूस

डोंगा आमच्या अंगणात कडुनिंबाखाली उपडा ठेवला होता आणि त्याच्या पाठीवर वहिनी बसली होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी वाशिमच्या वसतिगृहातून घरी आले, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं ते हे. बाबा खाली उकिडवे बसून तिला काहीतरी सांगत होते आणि दोघं हसत होते. मी आल्याचं त्यांना जरा उशिराच कळलं.

आमचं गाव मानोऱ्याच्या बाजूला, धरणाच्या काठी. आम्ही मासे धरणारी माणसं. पूर्वी पलीकडच्या गावाला रस्ता नव्हता, तेव्हा माणसांची ने-आण करायला धरण खात्याचा हा सागवानी डोंगा होता आणि तो बाबा चालवायचे. सुट्टी असली की मीही जायचे. पुढच्या टोकाशी पाय दुमडून बसायचं आणि तळाला झिरपलेलं पाणी डालड्याच्या डब्याने उपसायचं, हे माझं काम. मग रस्ता झाला, डोंगा धरणावरच्या चौकीमागे जाऊन पडला. गावातले लोक थर्माकोलच्या तराफ्यांवरून जाळी टाकू लागले, एक-दोघांनी फायबरची नाव आणली. यंदा चौकीवरच्या साहेबांनी बाबांना म्हटलं, सरपणात जायच्या आधी घेऊन जा. बाबांनी तो ट्रॅक्टरवर घालून घरी आणला.

हे सगळं मला दादाने फोनवर सांगितलं होतं. त्याच्यावर वहिनी काम करतेय, हे मात्र सांगितलं नव्हतं.

वहिनी पैनगंगेकाठची. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. तिचे वडील नावा दुरुस्त करायचे आणि शाळा नववीत सुटल्यावर ती त्यांच्या हाताखाली होती. डोंग्याच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवणं बाबांचं काम आणि फळ्यांमधल्या फटी भरणं तिचं. सरकी काढलेल्या कापसाची ती मांडीवर लांब वात वळायची, बोथट पटाशीने फटीत बसवायची आणि वरून लाकडी मोगरीने हलकं ठोकायची. मग जवसाच्या तेलात वितळवलेली राळ. तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. मी बघत राहायचे आणि मला ते बघवायचं नाही.

"मी करू का थोडं?" दुसऱ्या दिवशी मी बाबांना विचारलं.

"तुले कायले पाह्यजे हे? हात खराब होतीन. बस नं सावलीत."

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी परत येऊन पाहुणी झाले होते. वहिनीला ते ओरडायचे, "सूनबाई, झोपली काय व? राळ करपून राह्यली!" आणि ती म्हणायची, "तुमचं बोलणं आयकता आयकताच करपली, मामाजी." मला मात्र कुणी ओरडत नव्हतं. बाबा माझ्याशी बोलताना आधी थोडं थांबायचे, शब्द निवडायचे. घरात पहिल्यांदा कॉलेजला गेलेली मुलगी म्हणून असेल. त्याचा सगळ्यांना अभिमान होता, मलाही होता. पण त्या खुर्चीत बसून मला वाटायचं की तो अभिमान वहिनीने घ्यावा आणि मोगरी मला द्यावी.

आमच्याकडे एक रीत आहे. दुरुस्त केलेला डोंगा पहिल्यांदा पाण्यात जातो, तेव्हा वल्हवणाऱ्याबरोबर एकच माणूस बसतं. ज्याने फटी भरल्या, त्याने डबा घेऊन बसायचं. आपल्या हातून राहिलेली गळती आपणच उपसायची. म्हणजे पुढच्या टोकाशी, माझ्या जागी, वहिनी बसणार होती. हे कुणी मुद्दाम बोललं नाही. कडुनिंबाच्या फांदीला डबा टांगलेला होता आणि एक दिवस वहिनीने तो राखेने घासून लख्ख केला. एवढं पुरे होतं.

गुरुवारी दादा आणि वहिनी मंगरूळपीरला गेले. बाबा जाळी काढायला धरणावर, माय शेजारी. डोंग्याच्या पुढच्या भागातल्या तीन फटी तेवढ्या राहिल्या होत्या. मी मोगरी उचलली. वहिनीपेक्षा जाड वाती वळल्या आणि एकीवर एक बसवल्या. ठोकताना दात आवळले गेले होते हे मला आठवतं. एका फटीतला वहिनीने भरलेला कापूसही उपटून मी परत भरला. तिचा बोटाने दबत होता, माझा दबत नव्हता. वरून राळ ओतली. डोंगा पाण्यात उतरायच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं, पुढचा भाग माझ्या हातचा आहे, असं मी ठरवलं होतं. मग मला कोण उठवणार होतं?

वहिनीला मात्र आल्या आल्या कळलं. तिने अंगठा फिरवला.

"ताई, तुमी भरलं काय?"

"हो. का?"

"छान भरलं. पण घट्ट झालं जरासं. लाकूड पाण्यात फुगते नं. त्याले जागा ठेवा लागते."

"सगळं तुम्हालाच येतं का, वहिनी?"

तिने पदराने हात पुसले आणि भाकऱ्या टाकायला आत गेली. बाबांना तिने काही सांगितलं नाही. मीही नाही. आज लवकर उरकलं सूनबाईनं, असं ते मायला म्हणाले, ते मी ऐकलं.

वाळलेला डोंगा थेट चालवत नाहीत. उथळ पाण्यात नेऊन त्यात दगड भरतात आणि चार-पाच दिवस बुडवून ठेवतात. फळ्या पाणी पितात, फुगतात आणि फटी आपोआप आवळतात. तिसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो तेव्हा पुढची एक फळी खिळ्यांसकट बाहेर आली होती. तिला फुगायला जागाच राहिली नव्हती. कडेला कापूस लोंबत होता, जाड, दुहेरी.

बाबांनी तो हातात धरला. त्यांना समजायला वेळ लागला नाही, फक्त माणूस चुकला.

"हे काय केलं व सूनबाई? हेच शिकवलं काय तुह्या बापानं?"

वहिनीची मान खाली गेली. वडिलांचं नाव निघालं तरी तिने माझं नाव घेतलं नाही. मी चार पावलांवर उभी होते. मला त्या क्षणी बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. पण ते खरं आहे. तिला ओरडा बसला आणि माझ्या आतली कसलीतरी गाठ सुटल्यासारखी झाली.

"आता पयल्या फेरीत तू नोको बसू," बाबा म्हणाले. "पोरगी बसन."

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. घरी येताना वहिनी माझ्या पुढे चालत होती. तिने एकदा मागे वळून बघितलं असतं, रागाने का होईना, तर मला सोपं गेलं असतं.

फळी परत बसवायला आणि डोंगा परत भिजवायला आठवडा गेला. त्या आठवड्यात बाबा वहिनीला एकदाही ओरडले नाहीत. तिच्याशीही ते शब्द निवडून बोलू लागले. पुढच्या भागाच्या फटी त्यांनी स्वतःच भरल्या आणि ती चुलीपाशीच राहिली. रिकामी मोगरी ओट्यावर पडलेली असायची. मी तिला हात लावला नाही.

डोंगा उतरायच्या दिवशी काठावर सात-आठ जण जमले होते. एक काका तराफ्यावरूनच ओरडले, "अबे, फायबर घेतली असती तं आतालोक सारं धरण पालथं घातलं असतं!"

"तुह्या थर्माकोलाले उंदरं खाते, ते पाह्य आधी," बाबा म्हणाले आणि सगळे हसले. मायने डोंग्याला हळद-कुंकू वाहिलं. बाबांनी वल्हं घेतलं आणि डबा माझ्याकडे केला. "चाल, बस तुह्या जागेवर."

ती माझीच जागा आहे हे त्यांना आठवत होतं. इतकी वर्षं. ते माहीत असतं तर मी कदाचित काहीच केलं नसतं, असं मी मनाशी म्हटलं, पण त्यावर माझा पूर्ण विश्वास बसला नाही. डबा हातात होता. राखेने घासलेला, लख्ख.

"बाबा, तो कापूस मी भरला होता."

"कोणता?"

"फळी निघाली तो. वहिनी मंगरूळला गेल्या होत्या तेव्हा. त्यांचा भरलेला काढून भरला. त्यांनी सांगितलं होतं घट्ट झालं म्हणून. मी ऐकलं नाही."

बाबांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला.

"सूनबाई," ते म्हणाले. "तुह्या बापाले बोललो मी. चुकलं माह्यं. बस."

वहिनीने साडी खोचली आणि पुढच्या टोकाशी जाऊन पाय दुमडून बसली. अगदी मी बसायचे तशी. डोंगा निघाला. मी घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून बघत होते. खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. ती डब्याने पाणी उपसत होती आणि प्रत्येक डब्यागणिक मी जळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसले होते. बाबांनी डोंग्याची जुनी दोन फळकुटं फट ठेवून शेजारी शेजारी ठोकली आणि माझ्यासमोर आणून आपटली. वर मोगरी आणि मूठभर कापूस.

"भर."

मी भरलं. त्यांनी अंगठा दाबला.

"हे काय हाये? गादी भरून राह्यली काय? उपट सारं!"

त्या सकाळी त्यांनी मला पाच वेळा उपटायला लावलं. शब्द निवडले नाहीत. वहिनी दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिचं हसणं मला आवडत नव्हतं. सहाव्यांदा भरायच्या आधी मी तिला विचारलं, "वहिनी, वात किती जाड घ्यायची?"

ती येऊन शेजारी बसली आणि माझ्या मांडीवर कापूस वळू लागली.