दहा मिनिटांत ताजं होणारं नाक

नरपडला मी घर बांधलं तेव्हा शेजारची मावशी तिथे आधीपासून होती, आणि तिचे बोंबीलही. या दोन्ही गोष्टींकडे मी दुर्लक्ष करून पाया खणला. पुढची सहा वर्षं आमचा संवाद म्हणजे एकमेकांच्या अंगणाकडे बघून थुंकणं. थुंकायची ती. मी शिकलेला, म्हणून नुसता खाकरायचो.

तिची वलांडी, म्हणजे बोंबील वाळत घालायचा बांबूंचा मांडव, माझ्या कुंपणाला चिकटून होती. मासळी आली की चार दिवस बोंबील लटकायचे, मग आठवडाभर बांबू मोकळे. त्या चार दिवसांत मी खिडक्या आपटून लावायचो, तिला ऐकू जाईल अशा. गेल्या हिवाळ्यात शेवटी ग्रामपंचायतीत अर्ज दिला : दुर्गंधी असह्य, वलांडी हटवावी. तिच्याकडे दुसरी जागा नव्हती. वलांडी गेली की तिचा धंदा संपला, हे मला नीट ठाऊक होतं. म्हणूनच तर शुद्धलेखन दोनदा तपासलं.

मी तलासरीच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. चेतापेशी हा माझा लाडका धडा. पेशीला एकच गोष्ट सतत टोचत राहिली की ती हळूहळू गप्प होते, उसंत मिळाली की पुन्हा बोलू लागते. "दहा मिनिटं बाहेर फिरून या, नाक कोरं करकरीत!" हे वाक्य मी वर्षानुवर्षं असं टाकत आलो, जणू नाकाचा शोध मीच लावला.

अर्ज दिल्यावर थोड्याच दिवसांत बायको महिनाभर माहेरी राहून परतली. उंबऱ्यातच थबकली.

"घरात कसला घाण वास मारतोय?"

"शेजारी बघ."

"शेजारी बांबू रिकामे आहेत."

"मग बांबूंत मुरलाय."

तिने माझ्याकडे बघितलं आणि बॅग घेऊन आत गेली. मी जिंकलो असं समजलो.

ग्रामसेवक पाहणीला आले तेव्हाही बांबू रिकामेच होते. त्यांनी रुमाल नाकाला लावला. "वास आहे खरा. पण कुठून येतोय?"

गोची अशी की मला कसलाच वास येत नव्हता. पण कबूल कोण करणार? मी म्हणालो, "साहेब, हे शास्त्रीय पद्धतीने दाखवतो. दहा मिनिटं द्या." आणि तरातरा शेजारच्या चिखले गावाच्या दिशेने किनाऱ्यावर चालत सुटलो. खारा वारा छाती भरून घेतला. परत येऊन अंगणातल्या एका उंचवट्यावर चढलो, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि वलांडीकडे बोट रोखलं. "तिथून!"

मावशी कुंपणापलीकडे कमरेवर हात ठेवून उभी होती. "मास्तर, बोट खाली करा. पायाखाली बघा."

मी माझ्याच संडासाच्या टाकीवर उभा होतो. झाकणाला हातभर जुना तडा गेलेला. ग्रामसेवक वाकले आणि खोकत मागे सरले.

"पोरांना हेच शिकवता काय तलासरीला?" मावशी म्हणाली. "फी परत द्या त्यांची."

अर्ज तिथल्या तिथे निकाली निघाला. वलांडी राहिली. टाकी आठ दिवसांत उपसून दुरुस्त करायची तंबी मात्र मला मिळाली, तीही तिच्यासमोर.

त्या रागात मी प्रथमच त्या धड्याच्या पुढचं वाचलं. एकाच पेशीत अनेक घड्याळं असतात म्हणे. तिच्या कातडीतली काही बारीक दारं पापणी लवते तोवर पूर्ववत होतात, काहींना मिनिटं लागतात, काहींना त्याहून बराच वेळ. जितका जास्त काळ पेशीला छळलं, तितकी ती सावरायला जास्त वेळ घेते. किती काळ सोसलं, याची आठवण ती एकटी, मेंदूला न विचारता, ठेवते. वर्षांचा मामला एका पेशीच्या आवाक्याबाहेरचा, तिथे अख्खा मेंदू सामील होतो. थोडक्यात, टाकी माझ्या नाकाशी अष्टौप्रहर होती म्हणून नाक तिच्याबाबत गप्प झालं. बोंबील अधूनमधून यायचे म्हणून दर वेळी नवे वाटायचे. आणि सहा वर्षांचं ओझं मी दहा मिनिटांत झटकायला निघालो होतो. वर्गात हे अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

टाकी उपसली, झाकण नवं बसवलं. बायको दोन दिवसांत निवळली. माझं नाक मात्र सावकाश, दाराआडून डोकावणाऱ्या जावयासारखं परतलं. महिन्याभराने एका सकाळी ते पूर्ण शुद्धीवर आलं, तर बोंबलांचा असा भपका आला की हातातला चहा सांडला. पूर्वी कधी एवढा आला नव्हता. टाकीच्या आडोशाला माझं नाक सहा वर्षं अर्धवट झोपेत काढत होतं.

खिडकी आपटायला धावलो. बाहेर मावशी नवे बांबू रोवत होती, जुन्या वलांडीला जोडून, थेट माझ्या खिडकीसमोर.

"काय मास्तर, येतोय का वास?"

"नाही," मी म्हणालो.

"येईल," ती म्हणाली, आणि नव्या बांबूवर पहिला बोंबील लटकवला.